मुलीला एकटीला विचारा

आमच्या घरी आई बाळंत झाली की माझी शाळा बंद व्हायची. आईची सात बाळंतपणं झाली, त्यातली चार लेकरं राहिली. मी थोरली. वडील अकोटला जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे, आई निंदायला आणि वेचायला जायची. टिनाच्या एका खोलीत मी नऊ वर्षांची असल्यापासून बाळाला तेल लावत होते, आईला शेकायला गोवऱ्या पेटवत होते. सहाव्या खेपेला आईचं इतकं रक्त गेलं की खाटेखालची जमीन ओली झाली. शेजारच्या बायकांनी त्यावर राख टाकली आणि मला म्हणाल्या, बाहेर जाऊन लहान्याला खेळव.

सातव्या खेपेनंतर गावात पायी फिरणाऱ्या एक नर्सबाई आईला ऑपरेशनला घेऊन गेल्या. आई परत आली, आठ दिवस पडून राहिली, मग पुन्हा कामाला लागली. पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, ती मला म्हणाली, "थांबवता येते असं मले कोनं सांगतलंच नाही वं. मले वाटे हे थांबतच नसते."

मी नर्स झाले ती या वाक्याच्या आधीच, पण कशासाठी झाले ते मला या वाक्यानं कळलं.

अमरावतीला ट्रेनिंग केलं, राजापेठेत चौघी मैत्रिणींनी मिळून एक खोली घेतली होती. बी.ए. पुढं नोकरी आणि दोन लेकरं सांभाळून बाहेरून केलं. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पदवी असलेली मी पहिली. नावापुढं बी.ए. लिहायची मला हौस आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. आईनं त्या पदवीच्या कागदाला काच बसवून आणली होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी रोज पदरानं ती काच पुसायची.

कुठल्या वर्षी कुठं बदली झाली ते सांगत बसत नाही, कोणाला त्यात रस नसतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं अकोट तालुक्यातल्या एका उपकेंद्रात काढली. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची नावंही बदलली आहेत.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पाण्याची टाकी, दारात सिमेंटचा ओटा आणि चार गावांची जबाबदारी. लोकांना वाटतं नर्स म्हणजे सुई. सुई टोचणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. गरोदर बायांची नोंद ठेवायची, त्यांचं रक्तदाब-वजन पाहायचं, बाळांना लस द्यायची, पाळणा लांबवायचा असेल तर साधनं द्यायची आणि ती कशी वापरायची ते सांगायचं. शिवाय शाळा-कॉलेजच्या मुलींना लोहाच्या गोळ्या आणि पाळीची माहिती. कागदावर ही शेवटची ओळ असते, म्हणून तिला वेळही शेवटचा मिळतो.

गिऱ्हाईकं सगळ्या तऱ्हेची. निरोधची पेटी आम्ही बाहेरच्या भिंतीला लावली होती, ज्याला हवं त्यानं न विचारता न्यावं. एक सत्तरीतले बुवा दर आठवड्याला मूठभर न्यायचे. मी काही बोलले नाही, पण आमची आशाताई रेखा, ती गावातलीच असल्यामुळे तिला राहवलं नाही. तिनं विचारलं तर बुवा म्हणाले, वावरात ओलीत करताना मोबाईलमध्ये पाणी जाते, हे त्याच्यावर बरोब्बर बसते. आम्ही त्यांना प्लास्टिकची पिशवी दिली. ते ती घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात परत आले. पिशवीत आवाज नीट येत नाही म्हणे.

शाळेत गेले की मी एक डबा ठेवायची. मुलींनी नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायच्या. एका चिठ्ठीत होतं, मुलाच्या बाजूला एका बाकावर बसलं तर दिवस जातात का. ते वाचून शाळेतल्या बाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण लिहिणारी अकरावीची होती. जिला एवढंही माहीत नाही तिला उद्या कोणी काहीही सांगेल आणि ती मानेल.

आणखी एक माणूस आठवतो. पुंडलिकभाऊ, एस.टी.वर ड्रायव्हर. बायको वारलेली, घरी तेरा वर्षांची मुलगी. एका सकाळी येऊन दारात उभे राहिले आणि अर्धा तास नुसते बोंडअळीवर बोलले. मग म्हणाले, "ताई, आमच्या पोरीले काल... म्हंजे घरात बाई मानूस नाही ना." मी म्हटलं, पाठवा तिला. संध्याकाळी घेऊन आले. मुलगी आत आली आणि हे लाजून बाहेरच्या ओट्यावर पाठ करून बसले. पाऊण तास बसले. आत त्या मुलीनं मला जे जे विचारलं ते तोवर कुठल्याच मुलीनं विचारलं नव्हतं. मला वाटलं, पोरगी हुशार आहे. ती हुशार होतीच. पण खरं कारण मला त्या वेळी दिसलं नाही, आणि ते दिसलं नाही म्हणून पुढचं सगळं झालं.

आता प्रांजलीबद्दल लिहिते.

आमच्याकडे भादव्यात महालक्ष्म्या बसतात. सोवळं कडक. घरातल्या बाईची पाळी नेमकी त्या तीन दिवसांत आली तर स्वयंपाक कोणी करायचा आणि नैवेद्य कोणी दाखवायचा, म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात. त्या सरकारी पुरवठ्यात नसतात, मेडिकलमध्ये मिळतात, आणि त्या डॉक्टरांनी लिहून द्यायच्या असतात. पण गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. म्हणून बाया माझ्याकडे यायच्या. मी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायची. तो माझा अधिकार नव्हता. वर्षानुवर्षं मी ते करत आले आणि त्याला मी सेवा समजत होते.

त्या वर्षी शोभाबाई आल्या. त्यांचं मोठं घर, महालक्ष्म्यांना पन्नास पान जेवायचं. सोबत त्यांची लेक प्रांजली होती. नुकतीच अठरा पूर्ण झालेली, अकोटला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. ती कॉलेजला लागली तेव्हा शोभाबाई तिला पेढे घेऊन माझ्याकडेच घेऊन आल्या होत्या. त्यांच्या घरात बारावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. "या ताईसारखी होजो," असं लेकीला म्हणाल्या होत्या. मला ते फार आवडलं होतं.

शोभाबाईंना तिघींसाठी गोळ्या हव्या होत्या. स्वतःला, सुनेला आणि प्रांजलीला. मी विचारायचं ते विचारलं. गोळी द्यायच्या आधी शेवटची पाळी कधी आली ते विचारायचंच असतं, कारण दिवस गेलेले असतील तर ही गोळी काही कामाची नाही, उलट पाळी का आली नाही ते झाकून टाकते. मी प्रांजलीकडे बघून विचारलं, तुझी कधी आली होती?

उत्तर शोभाबाईंनी दिलं. "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बसली होती. माह्या ध्यानात हाय, पुरनाची पोळी तिले दुरून वाढली होती म्या."

आमच्या बायांना तारखा सणांवरून पाठ असतात आणि त्या चुकत नाहीत. घराघरात पाळीला चार दिवस बाजूला बसवतात. ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी गोधडी, वेगळं ताट, वेगळा गिलास. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात. लेक बाजूला बसलेली आईला दिसते, म्हणून मोजदाद आईकडे. मी मनात दिवस मोजले, बरोबर बसत होते. प्रांजली खाली बघत होती. अठरा वर्षांची मुलगी पाळीचं बोलणं निघालं की खालीच बघते, असं मला वाटलं. मी चिठ्ठी लिहिली. गोळ्या बंद केल्यावर आठवड्याभरात पाळी आली नाही तर मला येऊन सांगा, असं शोभाबाईंना सांगितलं.

त्या आल्याच. सण झाल्यावर प्रसाद घेऊन आल्या. म्हणाल्या, बसली ताई, तिघीबी बसल्या, तुमच्या चिठ्ठीनं सन निभला. मी पुरणपोळी खाल्ली.

माझ्याकडे मुलींची एक वही होती. तिच्यात नाव, वजन, लोहाच्या गोळ्या आणि "पाळी नियमित आहे का" असा रकाना. प्रांजलीच्या नावापुढं दर महिन्याला मी बरोबरची खूण केली. कधी रेखानं सांगितलं म्हणून, कधी शोभाबाईंनी. प्रांजलीनं सांगितलं म्हणून एकदाही नाही. मधे एकदा दिवाळीनंतर ती आईसोबत आली होती, गळाल्यासारखं होते म्हणून. शोभाबाईच सगळं सांगत होत्या, बसमध्ये उभं राहा लागते, डब्बा खात नाही, मोबाईल पाहते. मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पालक खा म्हटलं.

फेब्रुवारी संपत आला होता, हरभरा सोंगायचे दिवस होते. दुपारी रेखाचा फोन आला, प्रांजलीले झटके येऊन राहिले, लवकर या. मी पोचले तेव्हा ती ओसरीच्या कोपऱ्यात, तिच्या त्या वेगळ्या गोधडीवर पडलेली होती. तोंडाला फेस, डोळे वर. घरातल्या बाया चार हात लांब उभ्या. एकीनं कांदा आणला होता, तो तिनं दुरूनच रेखाकडे टाकला. शोभाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाजूले बसेल हाय ताई थे. काल बसली. आंघोळ कराव लागन तुमाले."

मी खाली बसले, तिला डाव्या कुशीवर केलं आणि कुडत्यावरून पोटाला हात लावला. मला बाकी काही बघायची गरज उरली नाही.

मी म्हटलं, "शोभाबाई, हिचं पोट पाह्यलं का तुमी?"

त्या म्हणाल्या, "काल बसली ना थे." मग हळू, "मांगच्या महिन्यातबी बसली होती."

मी रक्तदाब मोजला. पट्टा सोडला, पुन्हा मोजला. पहिल्या खेपेच्या कोवळ्या मुलींना हा धोका जास्त असतो. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि वेळेवर कोणी पाहिलं नाही तर झटके येतात. हे सगळं दर महिन्याच्या तपासणीत दिसतं. तपासणी तिचीच होते जिची नोंद असते.

झटक्यांवरचं इंजेक्शन मी दोन्ही कुल्ल्यांत दिलं. गाडीला फोन केला. शोभाबाई अजून उंबऱ्यातच होत्या. मी त्यांना म्हटलं, "हात लावा तिला. तुमची लेक आहे." त्यांनी एक पाय ओसरीत टाकला, मग खालीच बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग अकोल्यापर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

अकोल्याला मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, आधी कुठं दाखवलं होतं का. शोभाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, नोंद नाही. त्यांनी विचारलं, तुमच्याच हद्दीतली ना? मी हो म्हटलं.

बाळ मुलगी होती. एक दिवस जगली. प्रांजली वाचली. तिला तीन दिवस नीट दिसत नव्हतं, मग दिसायला लागलं.

पाचव्या दिवशी मी वॉर्डात गेले. शोभाबाई चहा आणायला खाली गेल्या होत्या. आम्ही दोघीच. तो कोण, ते मी विचारलं नाही आणि ते माझं काम नव्हतं. मी एवढंच विचारलं, दर महिन्याला बाजूला कशी बसलीस?

ती म्हणाली, "सोपं असते ताई. फडकं धुवून वाळत टाकलं का झालं. बाजूले बसली का कोनी जवळ येत नाही, कोनी पाहत नाही. चार दिवस रडता येये."

सात महिने तिनं तारीख चुकवली नाही. ज्या कोपऱ्यात कोणी तिला हात लावत नव्हतं तिथं ती पोट लपवून बसत होती, आणि आम्ही त्या कोपऱ्यावरून तिचे दिवस मोजत होतो.

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. त्यावर ती जे बोलली ते मी कुठल्याच बैठकीत, कुठल्याच साहेबांना सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते.

"दोनदा आली होती मी तुमाले सांगाले. मायले घेऊन याव लागे, एकटी आली असती तं गावानं पाह्यलं असतं. गोळ्याच्या वक्ताले आली, दिवाळीनंतर आली. मले वाटे, तुमी मायले म्हनान, जरा बाहेर बसा. तुमी एकदाबी नाही म्हटलं."

तेव्हा मला पुंडलिकभाऊ आठवले, ओट्यावर पाठ करून बसलेले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर एकटी बसून बोललेली ती एकच मुलगी होती, आणि ती एकटी होती कारण तिला आई नव्हती. आई असलेल्या एकाही मुलीला मी कधी एकटीला भेटले नव्हते. मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी बी.ए. झालेली, आणि विचारायचं कोणाला हे मला कळत नव्हतं.

त्या पहिल्या दिवशी दोन मिनिटं जरी मिळाली असती तर मी तिला काय सांगितलं असतं ते लिहून ठेवते, कोणा मुलीच्या, कोणा आईच्या कामी येईल. लघवीची साधी पट्टी असते, पाच मिनिटांत कळतं, उपकेंद्रात फुकट मिळते. दिवस गेले असतील आणि नको असतील तर कायद्यानं ठरवून दिलेल्या आठवड्यांच्या आत दवाखान्यात डॉक्टरांकडून ते थांबवता येतं. मुलगी अठरा पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची सही लागते, आईची नाही, नवऱ्याची नाही, आणि दवाखान्यानं ते कोणाला सांगायचं नसतं. अठराच्या आतल्या मुलीला पालकाची सही लागते, पोलिसांनाही कळवावं लागतं, तरी दवाखान्याचं दार तिलाही बंद नसतं. त्याच्याही आधी, काही घडून गेलं असेल तर तीन दिवसांच्या आत घ्यायची एक गोळी असते. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. ती रोज घ्यायची नसते आणि ती गर्भपाताची गोळी नाही. बाजारातून चोरून आणलेल्या, कोणी मैत्रिणीनं सांगितलेल्या गोळ्या घरात एकटीनं खाऊ नयेत. आणि ठेवायचं ठरवलं तरी पहिल्या महिन्यापासून तपासणी करून घ्यावी, लग्न झालेलं असो की नसो. रक्तदाब ते विचारत नाही.

महालक्ष्म्यांच्या वेळी प्रांजलीला जेमतेम दहा आठवडे झाले होते. सगळे रस्ते उघडे होते.

प्रांजली कॉलेजला परत गेली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न करून दिलं, लांबच्या गावच्या एका विधुर माणसाशी. मला निमंत्रण नव्हतं. मी बस स्टँडवर ती गाडी जाताना पाहिली. शोभाबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. रस्त्यात दिसल्या की पदर पुढं ओढायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी चिठ्ठ्या लिहिणं बंद केलं. गोळ्या पाहिजेत तर डॉक्टर येतील त्या दिवशी या, आणि आधी तपासणी. दुसरं म्हणजे नियम केला, कुठलीही मुलगी आली की आधी ती एकटी आत बसेल, आई ओट्यावर. दहा मिनिटं. मग आईला आत बोलवू.

केवढा तमाशा झाला. बाया म्हणायच्या, "आमच्यापासून काय लपवाचं हाय आमच्या पोट्टीले? तुमीच शिकवता का तिले लपवाले?" सरपंचांकडे तक्रार गेली. पोरींना नको ते शिकवते, असं चावडीवर बोललं गेलं. एका आजीनं मला तोंडावर विचारलं, तुले लेकी हायेत का नाही? मुली यायच्याच बंद झाल्या. वही कोरी राहायला लागली. माझ्या वरिष्ठांनी विचारलं, आकडा का घसरला? मी म्हटलं, आधीचा आकडा खोटा होता. त्यांना ते आवडलं नाही. असं दोन वर्षं चाललं. कधी कधी वाटायचं, आपण उरलेल्या मुलींचीही वाट बंद केली.

मग पौषातल्या एका सकाळी शोभाबाई आल्या. सोबत त्यांची धाकटी लेक, नववीतली. मी टेबलापाशी होते. त्या दारापर्यंत आल्या, लेकीच्या पाठीला हात लावून तिला आत ढकललं आणि माझ्याकडे न बघता ओट्यावर जाऊन बसल्या. मी सांगितलं नव्हतं. ओट्यावर आणखी एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली होती, तीच ती, सरपंचांकडे तक्रार घेऊन गेलेली. ती उठून आत यायला लागली, म्हणाली, पाहतो तरी काय बोलून राहिल्या. शोभाबाईंनी तिचा पदर धरला.

"बस वं इथी," त्या म्हणाल्या. "पोट्टीले बोलू दे. म्या नाही बोलू देल्लं."

ती बाई बसली. आत धाकटी माझ्याकडे बघत होती. मी दार लोटलं आणि तिला विचारलं, तुझी पाळी कधी आली होती? तिनं स्वतः सांगितलं.

शोभाबाई माझ्याशी पुढंही बोलल्या नाहीत, पण मुलीला घेऊन येत राहिल्या, आणि त्या ओट्यावर बसल्या की दुसरी बाई आत यायला धजत नसे. मी सेवानिवृत्त झाले तेव्हा नव्या नर्सला किल्ल्या देताना मी वह्या दाखवल्या नाहीत, आधी ओटा दाखवला. परवा तिला फोन करून विचारलं. तो नियम तिनं मोडलेला नाही.

प्रांजलीचं बी.ए. राहून गेलं. तिच्या धाकट्या बहिणीचं या उन्हाळ्यात झालं. आणि त्या चार गावांत आता कुठल्याही मुलीला एकटीला विचारल्याशिवाय गोळी दिली जात नाही.